फायब्रोमायल्जिया: ओळखायचा कसा, रोज सांभाळायचा कसा

फायब्रोमायल्जिया म्हणजे महिनोनमहिने अंगभर राहणारं दुखणं, आणि त्याच्या जोडीला थकवा व ताजी न करणारी झोप. तो रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही. तो लक्षणं नीट मोजून ओळखावा लागतो. हे मोजमाप पेशंटला स्वतःला, कागद-पेन घेऊन, पंधरा मिनिटांत करता येतं. डॉक्टरकडे जाण्यापूर्वी ते केलेलं असेल तर पहिल्याच भेटीत अर्धं काम होतं. नाहीतर ‘सगळं अंग दुखतं’ एवढ्यावर पेनकिलर लिहून मिळते आणि आणखी सहा महिने निघून जातात.

या आजारात दुखतं त्या जागी स्नायू फाटलेला नसतो, सांध्याला सूज नसते, हाड झिजलेलं नसतं. बिघाड असतो तो वेदनेचे निरोप वाहून नेणाऱ्या आणि त्यांचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मज्जारज्जू आणि मेंदूत. शेजारून मांजर गेलं तरी वाजत सुटणारा गाडीचा अलार्म असतो, तशी ही यंत्रणा साध्या दाबालाही वेदना ठरवते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देत मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. निरोगी माणसांना जेवढ्या दाबाने दुखलं, त्याच्या साधारण निम्म्या दाबातच फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांना तेवढंच दुखलं आणि मेंदूचे तेच भाग उजळले. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात ‘सबस्टन्स पी’ हे वेदनेचा निरोप पोचवणारं रसायनही या रुग्णांत दोन-तीन पट सापडलेलं आहे. वेदना खरी आहे, मोजता येण्याइतकी खरी आहे.

हे समजून घेतलं की उपचारांतल्या दोन गोष्टी लगेच उलगडतात. सूज उतरवणारी पेनकिलर इथे फारशी लागू पडत नाही, कारण उतरवायला सूजच नसते. आणि दुखत असताना बेताने हालचाल केली तर आत काही तुटत नाही की झिजत नाही.

आधी मोजा

१९९० सालच्या जुन्या निकषांत डॉक्टर अंगावरच्या १८ ठरावीक जागा सुमारे ४ किलो दाबाने दाबून पाहत; ११ दुखल्या तर फायब्रोमायल्जिया. २०१० पासून ती पद्धत मागे पडली. आज वापरात आहेत ते २०१६ चे सुधारित निकष, आणि ते असे लावायचे.

पहिली पायरी जागांची. गेल्या ७ दिवसांत जिथे जिथे दुखलं त्या प्रत्येक भागाला १ गुण द्या. शरीराचे पाच विभाग आहेत. डावा वरचा: जबडा, खांदा, दंड, कोपराखालचा हात. उजवा वरचा: तेच चार. डावा खालचा: नितंब आणि खुबा मिळून एक, मांडी, गुडघ्याखालचा पाय. उजवा खालचा: तेच तीन. मधला: मान, पाठीचा वरचा भाग, कंबर, छाती, पोट. सगळे मिळून १९.

दुसरी पायरी तीव्रतेची. गेल्या आठवड्यातला थकवा, सकाळी उठल्यावर ताजं न वाटणं, आणि लक्ष न लागणं किंवा विसरणं, या तिन्हींना प्रत्येकी ० ते ३ गुण. काहीच नाही तर ०, थोडंसं किंवा अधूनमधून असेल तर १, बऱ्याचदा आणि मध्यम असेल तर २, सतत आणि जगणं अवघड करणारं असेल तर ३. गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं किंवा कळा, आणि नैराश्य यांपैकी जे झालं असेल त्याला प्रत्येकी १. ही बेरीज जास्तीत जास्त १२.

आता जुळवा. जागा ७ किंवा जास्त आणि तीव्रता ५ किंवा जास्त, अथवा जागा ४ ते ६ आणि तीव्रता ९ किंवा जास्त. शिवाय पाचपैकी किमान चार विभागांत दुखलं पाहिजे (जबडा, छाती आणि पोट यात धरायचे नाहीत), आणि हे सगळं किमान ३ महिने याच पातळीवर चाललेलं असलं पाहिजे.

समजा एखाद्या बाईंची मान, दोन्ही खांदे, दोन्ही दंड, कंबर, दोन्ही नितंब आणि दोन्ही पोटऱ्या दुखतात. जागा झाल्या १०, विभाग पाचही. थकवा २, ताजेपणा नाही ३, विसरणं १, डोकेदुखी १, म्हणजे तीव्रता ७. चार महिने हे चालू असेल तर निकष पुरे झाले. दुसऱ्या कुणाची कंबर, उजवं नितंब, उजवी मांडी आणि उजवी पोटरी दुखते. जागा ४, पण विभाग दोनच. इथे आधी कमरेतून निघणारी नस दबलीय का, हे पाहायला हवं.

गुणांत न येणारी काही लक्षणं निदान पक्कं करायला मदत करतात. कपड्याची शिवण, बांगडी किंवा घड्याळाचा पट्टा टोचत नाही, पण दुखतो. लहान मूल मांडीवर बसलं तरी कळ येते. मिक्सरचा आवाज, फोडणीचा वास, ट्यूबलाइट सहन होत नाही. पोट कधी बांधतं, कधी सैल होतं. हातापायांना मुंग्या येतात, वारंवार लघवीला जावंसं वाटतं, रात्री अंथरुणात पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही, गॅसवर दूध ठेवल्याचं डोक्यातून पार जातं. या विसरण्याने पेशंट दुखण्यापेक्षाही जास्त घाबरतात. हा स्मृतिभ्रंश नाही. झोप सुधारली की बहुतेकांचं हेही बऱ्यापैकी सुधारतं.

पुरुषांनाही हा आजार होतो. ‘बायकांचं दुखणं’ समजल्यामुळे त्यांचं निदान मात्र राहून जातं.

दुसरं काही नाही ना?

निकष जुळले म्हणजे निदान झालं असं धरू नका. तसंच दिसणारे, पण वेगळे उपचार लागणारे आजार आहेत, आणि आपल्याकडे त्यातले काही फार सर्रास आढळतात.

ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता हा त्यातला पहिला. हाडं मऊ पडतात. बरगड्या, नडगी, कंबर दाबली की दुखते. ओळखायची खूण ताकदीत आहे. मांडी घालून बसलेल्या जागेवरून हाताचा आधार न घेता उठता येतं का, दोरीवर ओले कपडे टाकताना हात वर राहतात का, ते पाहा. फायब्रोमायल्जियात दुखतं, पण जोर केला तर उठता येतं. ताकदच गेलेली असेल तर ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड किंवा स्नायूंचा आजार शोधावा लागतो. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तिनेही स्नायू दुखतात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. कुणी सांगितलं म्हणून वर्षभर घेत राहिलात तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला धोका होतो.

दुसरा मोठा गट सांध्यांच्या वाताचा. फायब्रोमायल्जियातही सकाळी अंग आखडतं, बोटं सुजल्यासारखी वाटतात, अंगठी घट्ट वाटते. म्हणून वाटण्यावर जाऊ नका, बोटांचे सांधे उजेडात बघा. मूठ वळल्यावर बोटांच्या मुळाशी जे उंचवटे येतात, त्यांच्यामधल्या खळग्या दिसत असतील तर तिथे सूज असण्याची शक्यता कमी. खळग्या भरून आल्या असतील आणि बोटाने दाबल्यावर मऊ, फुगीर लागत असेल तर रुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांच्या वाताच्या तज्ज्ञाकडे) जायला उशीर करू नका. तरुण वयात कंबर रात्री जास्त दुखून चालल्यावर मोकळी होत असेल तर मणक्याचा वात, आणि पन्नाशीनंतर खांदे-खुबे अचानक आखडले असतील तर वेगळाच, औषधाला पटकन दाद देणारा आजार असू शकतो. चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर तोही इतिहास सांगा, सांध्यांचं दुखणं त्यानंतर महिनोन्‌महिने राहू शकतं.

ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री घाम, एका हाता-पायातली कमजोरी, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं: यातलं काहीही असेल तर आधी त्याचा छडा.

तपासण्या मोजक्याच लागतात: हिमोग्राम, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज कळते), टीएसएच (थायरॉइड), ड जीवनसत्त्व, बी-१२, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, साखर, क्रिएटिनिन, ताकद कमी वाटली तर सीपीके (स्नायूंसाठी). आरए फॅक्टर आणि एएनए (वाताचे आजार शोधायच्या रक्ततपासण्या) सरसकट करू नयेत. निरोगी माणसांतही ते थोड्या प्रमाणात पॉझिटिव्ह येतात आणि मग नसलेल्या आजाराची भीती घरात शिरते. एमआरआयचंही तेच. चाळिशीतल्या, अजिबात न दुखणाऱ्या लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या कमरेच्या चकत्या फुगलेल्या दिसतात. तो रिपोर्ट हातात आला की सारं दुखणं त्या चकतीवर ढकललं जातं.

एक गोष्ट मात्र घोळ करते. संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा थायरॉइड असलेल्यांनाही सोबत फायब्रोमायल्जिया असू शकतो. संधिवाताची औषधं नियमित चालू आहेत, सूज उतरली, ईएसआर-सीआरपी खाली आले, तरी दुखणं तसंच राहिलं तर औषधाचा डोस वाढवण्याआधी हे मोजमाप करून पाहायला डॉक्टरांना सांगा. नाहीतर जड औषधं वाढत जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

मोठ्या शहराबाहेर रुमॅटॉलॉजिस्ट सहज मिळत नाहीत. निदान पक्कं करायला एकदा त्यांना भेटावं, पण पुढचा सांभाळ एमडी मेडिसिन किंवा जाणता फॅमिली डॉक्टरही उत्तम करू शकतो.

चांगला दिवस जपून वापरा

उपचारांत सगळ्यात कमी सांगितली जाणारी पण फार उपयोगी पडणारी गोष्ट ही आहे. फायब्रोमायल्जियात तब्येत वाईट दिवशी बिघडत नाही. ती चांगल्या दिवशी बिघडते. आज जरा बरं वाटतंय म्हणून साठलेलं धुणं, दळण, बँक, माळा सगळं एका दिवसात उरकलं जातं, आणि पुढचे तीन-चार दिवस अंथरुणात जातात. त्या दिवसांत स्नायू आणखी सैल पडतात, म्हणून पुढच्या वेळी आधीपेक्षा थोड्याच कामाने तीच गत होते. असं करत करत वर्षभरात माणूस घराबाहेर पडेनासा होतो.

हे चक्र मोडायचं तर विश्रांती घड्याळावर घ्यायची, दुखण्यावर नाही. कामाला बसण्याआधीच थांबायची वेळ ठरलेली असते, आणि ती वेळ झाली की बरं वाटत असलं तरी थांबायचं. सुरुवातीला हे पेशंटला पटत नाही, घरच्यांना त्याहून नाही.

वेळ ठरवायची रीत सोपी आहे. एक काम निवडा. तीन वेगवेगळ्या दिवशी ते करताना किती मिनिटांनी दुखणं वाढायला लागतं ते लिहा. समजा ओट्याशी उभं राहिल्यावर १२, ८ आणि १० मिनिटांनी पाठ भरून आली. सरासरी १०. त्यातले दोन वजा करा. तुमचं माप ८ मिनिटं. ८ मिनिटं उभ्याने काम, ५ मिनिटं बसणं, पुन्हा ८ मिनिटं. वाईट दिवशीही निदान एक फेरी, चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त नाही. दोन आठवडे हे सहज जमलं तर एक-एक मिनिट वाढवा.

पोळ्यांचंच घ्या. कणीक मळणं, लाटणं, भाजणं हे सलग पाऊण तास एका जागी उभं राहून चालतं, आणि मान पूर्ण वेळ खाली असते. कणीक तासभर आधी मळून ठेवा, जमलं तर ती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मळावी. पोळपाट ओट्यावरून टेबलावर आणा आणि खुर्चीत बसून लाटा. कोपर पोळपाटाच्या उंचीला आलं की खांदे वर ओढले जात नाहीत. एका वेळी सहा-आठ पोळ्या, मग पाच मिनिटं खांदे सैल सोडून बसायचं. भाजायचं काम दुसऱ्याकडे देता आलं तर उत्तमच. उभं राहावंच लागलं तर एक पाय चार बोटं उंचीच्या पाटावर ठेवा आणि मधून मधून पाय बदला.

दिवाळीची साफसफाई म्हणजे दुखणं उसळण्याची हमखास वेळ. दसरा ते दिवाळी सुमारे वीस दिवस असतात. रोज एक कप्पा, फार तर एक खिडकी. मान वर करून जळमटं काढणं आणि गाद्या उचलणं या दोन गोष्टी दुसऱ्याला सांगा. लग्नकार्य किंवा गणपती असतील तर आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवा.

ऑफिसात अर्ध्या तासाला उठून दोन मिनिटं चाला, माऊस अंगाजवळ ठेवा, फोन खांद्याने कानाशी दाबून धरू नका, एसीचा झोत पाठीवर येत असेल तर जागा बदलून घ्या. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहण्याने खांदे भरून येतात. शक्य असेल तर गर्दीची वेळ अर्ध्या-पाऊण तासाने चुकवा, किंवा पाठ दाराशेजारच्या आतल्या भिंतीला टेकेल अशी जागा धरा.

व्यायाम हेच मुख्य औषध

युरोपातल्या रुमॅटॉलॉजी तज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०१७ मध्ये या आजाराच्या उपचारांचा पुरावा तपासला. औषधांसह इतक्या उपायांपैकी ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. तरीही व्यायाम सोडून देणारे पेशंट पुष्कळ, कारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुखणं थोडं वाढतं आणि ते का वाढलं हे कुणी सांगितलेलं नसतं.

चालण्यापासून सुरुवात करा. वरच्या रीतीनेच आपलं माप काढा. कुणाचं १० मिनिटं निघेल, कुणाचं ३. तीन निघालं तर तीनच. सपाट जागा, नीट बसणारे बूट, बोलता येईल इतपत वेग. आठवड्यातून पाच दिवस, दर आठवड्याला १ मिनिट वाढ. ५ मिनिटांवरून निघालेला माणूस सहा महिन्यांत अर्ध्या तासावर पोचतो, आणि हा वेग योग्य आहे. पावसाळ्यात खंड पडू देऊ नका. घरातल्या घरात, पॅसेजमध्ये, गच्चीवरच्या पत्र्याखाली तेवढीच मिनिटं चाला.

प्रमाण चुकलं का ते दुसऱ्या दिवशी कळतं. दहापैकी मोजलेली वेदना चालल्यावर एक-दोन अंकांनी वाढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जागेवर आली तर प्रमाण बरोबर. दोन दिवस उतरली नाही तर मिनिटं पाव हिश्शाने कमी करा. कमी करा, बंद करू नका.

महिन्याभरानंतर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं ५ वेळा, भिंतीला हात लावून ढकलणं ५ वेळा, अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन कोपरातून वर-खाली ५ वेळा. बाटली खाली आणताना सावकाश आणि अर्ध्या वाटेपर्यंतच, कारण वजन खाली सोडताना स्नायूवर जास्त ताण येतो आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं तिथूनच येतं. दोन आठवड्यांनी ५ चे ८ करा.

कोमट पाण्यातला व्यायाम छान मानवतो, पण आपल्याकडचे बहुतेक पोहण्याचे तलाव थंड असतात आणि थंड पाण्यात अंग आखडतं. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका. ताई-ची या संथ चिनी व्यायामावर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग नेहमीच्या एरोबिक व्यायामाइतका किंवा त्याहून जास्त दिसला. योगासनं संथ, श्वासाबरोबर करण्याने फायदा होतो. सूर्यनमस्कारांचा आकडा गाठण्याच्या मागे मात्र लागू नका, आणि ज्यांचे सांधे मुळातच जास्त वाकतात त्यांनी आसन शेवटपर्यंत ताणू नये.

झोप

कमी झोपेने वेदना वाढते, वेदनेने झोप मोडते. यातलं झोपेचं टोक धरणं सोपं आहे.

उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा तीच. झोपायची वेळ आपोआप मागे येते. दुपारची डुलकी २० मिनिटं, तीनच्या आत. चारनंतर चहा-कॉफी नाही. कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. अंथरुणात वीस मिनिटं टक्क जागे असाल तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत जा. रात्री घड्याळ पाहू नका.

हे करूनही ताजं वाटत नसेल तर दोन गोष्टी विचारा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल तर स्लीप स्टडी (रात्रभर झोपेची तपासणी) लागते. अंथरुणात पाय अस्वस्थ होत असतील तर रक्तातलं फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं माप) तपासा. लोह कमी असेल तर ते भरून काढल्यावर पाय शांत होतात.

औषधं: काय, किती, कशासाठी

औषधांकडून अपेक्षा बेताची ठेवा. बनावट गोळीच्या तुलनेत ठळक फायदा होणारे रुग्ण दहात एक-दोनच असतात. पण ज्यांना होतो त्यांना झोप आणि व्यायाम जमू लागतात, म्हणून प्रयत्न करण्यासारखा आहे. एका वेळी एकच औषध, लहान डोसापासून, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हिशोब. वेदना दहात तीन हिश्श्यांनी जरी उतरली तरी औषध लागू पडलं असं धरतात. काहीच फरक नसेल तर दुसरं औषध वर चढवण्याआधी पहिलं हळूहळू बंद करायला सांगा.

अमिट्रिप्टिलिन ५ ते १० मिलिग्रॅम, झोपण्याच्या दोनेक तास आधी. फार उशिरा घेतली तर सकाळी डोकं जड राहतं. तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा.

डुलॉक्सेटिन ३० मिलिग्रॅम एक आठवडा, मग ६०. त्यापुढे वाढवून सहसा जास्त हाती लागत नाही. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्या. ही दोन्ही औषधं नैराश्यासाठीही देतात, त्यामुळे औषधाचा कागद वाचून घरात कुजबुज होते. इथे ती वेदना दाबणाऱ्या नसांची रसायनं वाढवायला दिलेली असतात.

प्रेगाबालिन बहुधा रात्री २५ ते ७५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. चक्कर, गुंगी, पावलांवर सूज, वजनवाढ हे त्याचे त्रास. पहिला आठवडा दुचाकी चालवू नका. किडनीचा विकार असेल तर डोस कमी लागतो. गरोदर असाल किंवा राहण्याचा विचार असेल तर गोळी सुरू करण्याआधी सांगा. आपल्याकडे ते मिथाइलकोबालमिन (बी-१२) किंवा नॉर्ट्रिप्टिलिन (अमिट्रिप्टिलिनच्याच जातीचं औषध) यांच्याबरोबर एकाच गोळीत मिळतं. अशा जोडगोळीत एकाचा डोस बदलता येत नाही, म्हणून सुरुवात सुट्या गोळीने बरी.

ही तिन्ही औषधं एकदम बंद करायची नसतात. गोळ्या संपल्या म्हणून चार दिवस राहिल्या तरी चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि आजार उलटला असं वाटतं.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक अशा सूज उतरवणाऱ्या पेनकिलर महिनोन्‌महिने घेण्यात किडनी आणि जठराचं नुकसान आहे, फायदा नाही. स्टेरॉइड आणि अफूवर्गीय जड वेदनाशामकं या आजारात देऊ नयेत. ट्रामाडॉल काहींना थोडे दिवस देतात, पण डुलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसोबत ते धोक्याचं ठरू शकतं. दोन डॉक्टरांची औषधं चालू असतील तर दोघांनाही सगळे कागद दाखवा.

‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून बिनलेबलच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत चमत्कार वाटावा असा आराम पडला, भूक वाढली, चेहरा गोल व्हायला लागला, साखर आणि बीपी चढलं, तर पुडीत स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम सोडू नका, तीच घेऊन डॉक्टरकडे जा.

कोमट तेलाचा हलका मसाज आणि शेक यांनी बरं वाटतं. रगडून केलेल्या मालिशने दुखणं उलट उसळतं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. ती लावून झोपू नका, भाजतं.

आहाराबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. हा आजार बरा करणारा कुठलाही खास आहार नाही. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा, रोज डाळ-उसळ-दही असू द्या, पोट बिघडवणारा पदार्थ दोन आठवडे बंद करून पाहा आणि फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा.

दुखणं उसळलं तर

चार दिवसांची योजना बऱ्या दिवशीच लिहून फ्रिजवर लावून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. कामं निम्मी, पण शून्य नाही. चालणं निम्मं. उठायची वेळ तीच. सकाळी दहा मिनिटं गरम पाण्याची आंघोळ. जेवणाला खिचडी किंवा डबा. पाचव्या दिवसापासून मिनिटं हळूहळू मूळ मापावर. आठवड्यात उतरलं नाही, किंवा ताप, सूज, एका बाजूची कमजोरी असं नवीन काही आलं, तर ते फायब्रोमायल्जियाच्या नावावर खपवू नका.

घरच्यांशी बोलताना ‘मला जमत नाही’ म्हटलं तर वाद होतो. मापात सांगा: ‘भाजी मी करते, पण निवडून आणि चिरून दे’, ‘बाजारात येतो, पण पिशवी उचलणार नाही.’ बरं दिसणाऱ्या माणसाचं दुखणं घरच्यांना दिसत नाही. आकडा आणि नेमकं काम सांगितलं की मदत करता येते.

सततच्या वेदनेने उदासी येते, आणि तीही उपचार करण्याजोगी आहे. विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन यात उपयोगी ठरतं. जगणं नको वाटू लागलं तर थांबू नका: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.

नोंद आणि फेरतपासणी

वहीत रोज रात्री एकच ओळ: झोप दहापैकी किती, वेदना दहापैकी किती, किती मिनिटं चाललो. दिवसातून एकदाच. तासातासाला दुखणं मोजत बसलं तर लक्ष तिथेच खिळतं आणि ते वाढतं.

तीन महिन्यांनी सुरुवातीचे गुण पुन्हा मोजा. जागा आणि तीव्रता मिळून ३१ पैकी किती होते, किती झाले. दोन्ही कागद डॉक्टरांसमोर ठेवा. चालण्याची मिनिटं वाढली आणि वेदना तेवढीच असेल तर गाडी बरोबर चालली आहे, वेदनेचा आकडा सहसा सगळ्यात शेवटी हलतो. झोपेचा आकडा जागचा हलला नसेल तर घोरणं, फेरिटिन आणि औषधाची वेळ पुन्हा तपासा. तिन्ही आकडे होते तिथेच असतील तर औषध बदलण्याविषयी बोला, आणि निदानही एकदा पहिल्यापासून तपासून घ्या.